कपाळ, केशरेषा आणि कात्री

विशी ओलांडलेला तरुण एके दिवशी आरशासमोर भांग पाडताना थबकतो. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरचे केस मागे सरकल्याचे त्याला जाणवते आणि टकलाची धास्ती मनात घर करते. मग निरनिराळ्या तेलांचा आणि लेपांचा मारा सुरू होतो. उघडे पडलेले कोपरे झाकण्यासाठी पुढचे केस लांब वाढवले जातात. वस्तुतः यातील बरीचशी भीती अनाठायी असते आणि केस वाढवण्याचा उपाय तर बहुधा उलटाच पडतो.

केशरेषा का सरकते?

कपाळाची त्वचा संपून डोक्यावरचे केस जेथे सुरू होतात, ती सीमा म्हणजे केशरेषा. लहान मुलांमध्ये ती गोलसर आणि खाली असते. पौगंडावस्था सरल्यानंतर तिशीपर्यंतच्या काळात बहुसंख्य पुरुषांमध्ये ती किंचित वर जाते आणि कोपऱ्यांत थोडी आत वळते. हिला प्रौढ केशरेषा म्हणतात. भुवया उंचावल्यावर कपाळावर सर्वांत वर उमटणाऱ्या आठीपासून केशरेषा साधारण एक ते दीड सेंटीमीटर वर असेल आणि तेथील केस जाड व दाट असतील, तर काळजीचे कारण सहसा नसते. काहींच्या कपाळाच्या मध्यभागी केसांचे टोक खाली उतरलेले असते. ती ठेवण उपजत असते. तिचा टकलाशी संबंध नाही.

मात्र कोपरे सतत खोल होत असतील, तेथील केस बारीक आणि आखूड होत असतील किंवा डोक्यावरच्या भोवऱ्याजवळ त्वचा दिसू लागली असेल, तर ती आनुवंशिक टकलाची सुरुवात असू शकते. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये या टकलाचा पुरुषी संप्रेरकांशी असलेला संबंध दाखवून दिला. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला संवेदनशील असलेली केसांची मुळे हळूहळू आक्रसतात. ही संवेदनशीलता केवळ आईच्या घराण्याकडून येते, हा समज अपुरा आहे. तिला दोन्ही घराण्यांचा वारसा कारणीभूत असतो. हॅमिल्टन यांच्या वर्गीकरणात नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारणा केली. त्यानुसार टकलाचे सात प्रकार मानले जातात. त्यांतील दुसऱ्या प्रकारापर्यंतच्या केशरेषेस टक्कल म्हणत नाहीत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कात्री काय करू शकते?

केशरेषा ते भुवया, भुवया ते नाकाचा तळ आणि नाकाचा तळ ते हनुवटी असे चेहऱ्याचे तीन भाग कल्पिले जातात. केशरेषा मागे गेली की वरचा भाग वाढतो आणि चेहरा लांबट भासतो. कात्री केशरेषा पुढे आणू शकत नाही, पण हे प्रमाण नजरेला सावरून दाखवू शकते.

विरळ केस लांब ठेवले की त्यांच्या बटा एकमेकींना चिकटतात आणि मधली त्वचा अधिकच उघडी पडते. तेल किंवा जेल लावल्यास हा दोष वाढतो. म्हणून केस जसजसे विरळ होतील तसतसे ते आखूड करावेत, हा पहिला नियम. दुसरा नियम असा की कानांवरचे व मागचे केस माथ्यावरच्या केसांपेक्षा बारीक ठेवावेत. बाजू भरगच्च राहिल्या की माथा रिकामा भासतो. त्या बारीक झाल्या की तोच माथा तुलनेने भरलेला दिसतो.

कपाळ मोठे पण पुढचे केस दाट असतील, तर ते आखूड कापून पुढे विंचरता येतात. या धाटणीला सीझर कट असे नाव आहे. ज्युलियस सीझर आपले टक्कल झाकण्यासाठी विरळ केस पुढे ओढून घेत असे, अशी नोंद रोमन चरित्रकार सुएटोनियसने केली आहे. चेहरा मुळात लांब असेल, तर पुढे उंच कोंबडा काढणे टाळावे. भांग सर्वांत खोल गेलेल्या कोपऱ्यातून न पाडता थोडा सरकवून पाडावा. माथा बराच विरळ झाला असेल, तर सगळीकडे दोन क्रमांकाचे, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरचे मशीन फिरवणे सर्वांत सुबक दिसते. सोबत नीट राखलेली दाढी असल्यास नजर चेहऱ्याच्या खालच्या भागाकडे वळते.

एका गोष्टीला मात्र कारागिराला स्पष्ट नकार द्यावा. पुढची रेषा सरळ करण्यासाठी कपाळावर वस्तरा फिरवला की त्या दिवशी ती रेखीव दिसते, परंतु चारच दिवसांत खुंट उगवतात आणि केशरेषा आणखी मागे गेल्यासारखी वाटते. वारंवार गोटा केल्याने केस दाट येतात, हाही गैरसमजच. केसाचे मूळ त्वचेखाली असते. पात्याचा त्याला स्पर्शही होत नाही.

वैद्यांकडे केव्हा जावे?

दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून अधिक गळती, चाईसारखे गोल चट्टे, खाज किंवा खपल्या असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. आनुवंशिक टकलावर मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही औषधे वापरली जातात. ती लवकर सुरू केल्यास अधिक उपयोगी पडतात, परंतु थांबवल्यावर त्यांचा लाभही ओसरतो. त्यांचे दुष्परिणाम लक्षात घेता ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

आपल्याकडे पूर्वी अनेक पुरुष डोक्याचा पुढचा भाग तासून घेरा व शेंडी राखत आणि वर पगडी घालत. कपाळाची उंची मोजण्याचा प्रश्नच तेव्हा उद्भवत नसे. ही चिंता केस राखण्याच्या नव्या रिवाजासोबत आली आहे. तेव्हा लपवण्याचा खटाटोप सोडून आपल्या कपाळाला शोभेल अशी धाटणी निवडणे, हेच शहाणपणाचे.