जनरल थोरात : कारकीर्द आणि कैफियत

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात (१९०६-१९९२) यांच्या 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' (१९८६) या इंग्रजी आत्मचरित्राच्या शीर्षकात पहाटेच्या आणि सूर्यास्ताच्या बिगुलांची नावे आहेत. 'रिट्रीट'चा दुसरा अर्थ माघार; १९६२ स्मरणात असलेल्या वाचकाला तो टाळता येत नाही.

कोल्हापूर संस्थानातील वडगावात जन्म, सँडहर्स्ट, १९२६ मधील कमिशन हा पूर्वार्ध त्या पिढीच्या भारतीय अधिकाऱ्यांना बराचसा समान आहे. जानेवारी १९४५ च्या अखेरीस आराकानातील कांगॉ येथे थोरातांच्या पंजाब पलटणीने शत्रूची टेकडी घेतली. त्याच ब्रिगेडमध्ये थिमय्या आणि एल. पी. सेन हेही पलटणींचे प्रमुख होते. तिघांनाही 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' मिळाली.

१९५३ मध्ये कोरियात मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे ते सेनापती होते. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा थोरात निःशस्त्र आत गेले आणि त्याला सोडवून घेऊन आले. अशोकचक्र वर्ग दोन (आजचे कीर्तिचक्र) त्यांना या कामगिरीबद्दल मिळाले. गोळी न झाडल्याचा हा सन्मान प्रस्तुत लेखकाला कांगॉइतकाच मोलाचा वाटतो.

मात्र आत्मचरित्राचे खरे केंद्र ईस्टर्न कमांड हे आहे. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाचा लेखी आराखडा पाठविला. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' या सरावातून त्याचाच हिशेब पुन्हा मांडला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी आपल्याला भयगंडाने पछाडलेला ठरविले, असे थोरात लिहितात. थिमय्यांनी शिफारस करूनही १९६१ मध्ये सरसेनापतिपद थापर यांच्याकडे गेले आणि थोरात निवृत्त झाले.

या लेखनाला आपल्याकडील 'कैफियत' हा शब्द अधिक शोभतो. कौल (१९६७) आपल्यावरील ठपक्याला उत्तर देतात, तर दळवी (१९६९) रणांगणावर कैद झालेल्या ब्रिगेडियरची व्यथा मांडतात. थोरात त्या युद्धात नव्हतेच. त्यांचा साक्षीदार म्हणजे त्यांचाच कागद. पराभवानंतर असा कागद भविष्यवाणीसारखा वाचला जातो, आणि तेथेच वाचनाची गफलत होते. मुळात तो सैन्यबळ, रस्ते आणि रसद यांचा ताळा होता. पंडित नेहरूंनी तो पराभवानंतर मागवून घेतला. तोवर त्यांनी तो पाहिलाच नव्हता, असे थोरातांचे कथन आहे.