नदीचे खोरे आणि नगराची शीव



मराठीच्या अध्यापकाने नगररचनेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जमिनीच्या वापराचा विचार आपल्या भाषेत फार जुना आहे. गावगाड्यात वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि पिकाच्या जमिनीला ‘काळी’ म्हणत. दोन गावांच्या शिवेवर तंटा उठला, तर गोत बसे आणि दोन्हीकडच्या जाणत्यांच्या साक्षीने निवाडा होई. शीव कोणा एका गावाची नसते, ती दोघांची असते, ही समजूत त्यामागे होती. आपल्या हैदराबाद नगराचा गेल्या शतकाचा इतिहास या समजुतीच्या कसोटीवर पाहावा, असे मला वाटते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. सुमारे १५ हजार माणसे दगावल्याचे सांगितले जाते. अफझलगंजातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशेजण वाचले, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. पुढील वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांनी केवळ शहराची पाहणी केली नाही, तर नदीचे सारे पाणलोट क्षेत्र तपासले. त्या क्षेत्रात शेकडो तलाव होते आणि त्यांतील दोनशेहून अधिक फुटले होते. शहर बुडाले त्याचे कारण शहराच्या हद्दीबाहेर होते. म्हणून उपायही हद्दीबाहेरच करावा लागला. मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. दरम्यान १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन होऊन नामपल्लीसारख्या भागांतील कोंदट वस्त्या हटवणे, रुंद रस्ते काढणे आणि नवी घरे बांधणे सुरू झाले.

हे सारे साधले, याचे एक कारण उघड आहे. शहर आणि वरची गावे एकाच दरबाराच्या सत्तेखाली होती. खोऱ्याचा विचार एकत्र झाला, पण खोऱ्यातील रयतेला कोणी विचारले नाही. पुढे लोकशाही आली, तेव्हा रयतेला मत मिळाले. खोऱ्याचा विचार मात्र निरनिराळ्या दफ्तरांत वाटला गेला.

आपल्या नगराने या अडचणीवर वारंवार एकच उपाय योजला. तो म्हणजे विलीनीकरण. चादरघाटची स्वतंत्र नगरपालिका १९३३ मध्ये हैदराबादेत मिळाली. सिकंदराबादला १९५० मध्ये महानगरपालिकेचा दर्जा लाभला आणि १९६० मध्ये तीही हैदराबादेत विलीन झाली. छावणीचे मंडळ मात्र वेगळेच राहिले. १९७५ मध्ये नगरविकास प्राधिकरण आले. २००७ मध्ये भोवतालच्या १२ नगरपालिका आणि ८ ग्रामपंचायती सामावून बृहन् हैदराबाद महानगरपालिका झाली. प्रत्येक वेळी शीव पुढे सरकली आणि प्रत्येक वेळी तिच्या पलीकडे नवी वस्ती उभी राहिली. विलीनीकरणाने कारभार एकसूत्री होतो, हे मी नाकारीत नाही. परंतु शेजाऱ्याला आपल्यात सामावून घेणे वेगळे आणि त्याच्याशी सल्लामसलत करणे वेगळे.

या भेदाचे मोल दोन आदेशांवरून कळते. ८ मार्च १९९६ च्या शासकीय आदेश क्रमांक १११ अन्वये दोन्ही जलाशयांभोवतीच्या दहा किलोमीटरांतील ८४ गावांत बांधकामावर कडक निर्बंध आले. चटईक्षेत्र निर्देशांक अर्ध्यावर आला आणि भूखंड पाडताना ६० टक्के जागा मोकळी जागा व रस्ते यांसाठी सोडणे बंधनकारक झाले. याच्या उलट, २००६ च्या मार्चमध्ये शहरासाठी नवे बांधकाम नियम आले, त्यांत चटईक्षेत्राची मर्यादाच उठली. इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीवर व सोडलेल्या अंतरावर ठरू लागली. एकाच नदीच्या काठी, वर अर्धा निर्देशांक आणि खाली मर्यादाच नाही!

आदेश १११ मागील हेतू रास्तच होता; जलाशय राखणे भागच होते. परंतु ज्या शेतकऱ्याने आपली काळी काळीच ठेवावी अशी अपेक्षा होती, त्याला शहराच्या वाढत्या किमतींतून काय मिळाले? शहरातील दाट वस्तीतून येणाऱ्या उत्पन्नाचा वाटा वरच्या ग्रामपंचायतींना ठरावीक रीतीने देण्याची तजवीज त्या आदेशात नव्हती. त्यामुळे संरक्षण गावांना शिक्षेसारखे वाटले आणि निर्बंध उठवावेत ही मागणी त्याच गावांतून वाढत गेली. अखेर २०२२ च्या एप्रिलमध्ये निर्बंध उठवणारा आदेश निघाला. तत्पूर्वी दीड वर्ष, ऑक्टोबर २०२० मध्ये, अतिवृष्टीने तलाव ओसंडून वसाहतींत पाणी शिरले होते, याची आठवण येथील कित्येकांच्या घरांत ताजी असेल.

मार्ग नव्हता असे नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निर्वाचित सभासदांनी व पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडावेत, आणि पाण्याच्या वाटपासह सामाईक प्रश्नांचा विचार तिने करावा, असे घटना सांगते. जुन्या गोताचे हे प्रजासत्ताकातील रूप म्हणता येईल. मात्र गोतालाही भेदभाव होता. जातीने व वतनाने कोण बसणार हे ठरे. नव्या समितीत तो दोष नाही, हे तिचे श्रेष्ठत्व.

माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण आज उंच इमारतींत राहतात; काहीजण त्या बांधतातही. उंच घरे बांधू नयेत, असे माझे म्हणणे नाही. थोड्या जागेत अधिक कुटुंबे राहिली तरच वरच्या गावांतील शेते आणि तलाव शिल्लक राहतील. परंतु तो हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला गेला पाहिजे. शहराने दाटी स्वीकारावी, गावांनी मोकळीक राखावी आणि त्या मोकळिकीचे मोल शहराने गावांना चुकते करावे. हा करार आदेशाने होत नाही. त्यासाठी दोघांनी एका बैठकीवर बसावे लागते. १९०८ च्या पुराने खोरे एक आहे हे दाखवून दिले. ते ओळखून वागणारी सभा उभी करणे, हे काम आपल्या पिढ्यांकडे अद्याप बाकी आहे.