‘वीज पोहोचलेले गाव’ म्हणजे नेमके कोणते? : तारेबाहेरच्या विजेचा आणि ती विकणाऱ्यांचा इतिहास

मंडळी, आजचा धागा एका व्याख्येपासून सुरू करू. १९९७ पर्यंत आपल्या देशात एखाद्या गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी विजेचा वापर होत असला, की ते गाव ‘विद्युतीकृत’ मानले जाई. ‘कोणत्याही कामासाठी’ हे शब्द सावकाश वाचा. शिवारातील एका विहिरीवर पंप सुरू झाला आणि गावठाणातील एकाही घरात दिवा लागला नाही, तरी सरकारदरबारी ते गाव उजेडात आलेले असे.

१९९७ मध्ये व्याख्या थोडी सुधारली. विजेचा वापर शिवारात नव्हे, तर लोकवस्तीत व्हायला हवा, असे ठरले. २००४ मध्ये ती पुन्हा बदलली. आता वस्तीत रोहित्र (आपल्या बोलीतील डीपी) आणि वाहिन्या हव्यात, त्या दलित वस्तीपर्यंतही गेलेल्या हव्यात, शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज हवी आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी हवी. ही व्याख्या आधीच्या दोन्हींपेक्षा पुष्कळ बरी होती, तरीही तिच्या हिशेबात शंभरातील नव्वद घरे अंधारात असलेले गाव ‘विद्युतीकृत’च ठरत होते.

त्या उरलेल्या नव्वद घरांना पैसे घेऊन उजेड विकू पाहणाऱ्या कंपन्यांची ही कथा आहे. आपल्या इतिहासलेखनात तिला फारशी जागा मिळालेली नाही. एका बाजूला धरणे आणि औष्णिक केंद्रे यांची गौरवगाथा असते, दुसऱ्या बाजूला नवउद्योजकांची स्तुतिस्तोत्रे असतात. या दोहोंच्या मधला भाग मात्र कोरा राहतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. भारतातील वीज प्रारंभी बहुतांशी खाजगीच होती. कोलकात्यात १८९९ मध्ये खाजगी कंपनीने वीजपुरवठा सुरू केला, टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. ही वीज जात होती गिरण्या, ट्राम आणि पैसेवाल्यांच्या बंगल्यांकडे. खेड्यात तार टाकणे कोणालाच परवडणारे नव्हते. १९४८ च्या कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी केली. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाला. दुष्काळाची वर्षे नुकतीच सरली होती, हरितक्रांती दारात उभी होती. साहजिकच खेड्यातील विजेचे पहिले उद्दिष्ट ठरले सिंचन, आणि किती पंपांना वीज दिली हा आकडा प्रगतीचा मापदंड झाला. वर सांगितलेली ती विचित्र व्याख्या याच मापदंडाशी जुळणारी होती. तिच्यामागे लबाडी होती असे मला वाटत नाही. अन्नधान्याच्या चिंतेने ग्रासलेल्या राज्यकर्त्यांना घरातील दिवा दुय्यम वाटला, इतकेच. मात्र या दुय्यमतेची किंमत पुढची तीन दशके भूमिहीनांनी मोजली, कारण ज्याला विहीर नाही त्याच्याकडे तार वळण्याचे कारणच नव्हते.

२००१ च्या जनगणनेत ग्रामीण भारतातील जेमतेम ४३.५ टक्के घरांत उजेडासाठी वीज होती. बिहारमध्ये, शहरे धरूनही, हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. त्यातच नोव्हेंबर २००० मध्ये झारखंड वेगळा झाला, आणि पत्रातू, तेनुघाट ही औष्णिक केंद्रे त्याच्या वाट्याला गेली. उरलेल्या बिहारकडे बरौनी आणि कांटी ही जुनी, रडतखडत चालणारी केंद्रे राहिली.

अशा ठिकाणी खाजगी क्षेत्र परकीय भांडवल घेऊन अवतरले, असे चित्र रंगवले जाते. ते अपुरे आहे. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील बाजारपेठांत खाजगी क्षेत्र आधीपासून होतेच, आणि त्याचे नाव होते जनरेटरवाला. एक डिझेल इंजिन, बांबूंवरून ओढलेल्या तारा आणि संध्याकाळी तीन-चार तास प्रत्येक दुकानाला एक-दोन दिवे. मीटर नाही, बिल नाही, दिव्यागणिक पैसे. या व्यवस्थेचा कोणी गौरव केला नाही. परंतु ग्रामीण माणूस उजेडासाठी नियमित पैसे देतो, हे तिने कोणत्याही सल्लागार संस्थेच्या आधी सिद्ध केले होते.

दरम्यान कायदाही बदलला. २००३ च्या विद्युत कायद्यातील कलम १४ च्या एका परंतुकानुसार, राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज निर्माण करून ती वितरित करणाऱ्याला परवान्याची गरज राहिली नाही. परवाना नाही, म्हणून नियामक आयोगाने ठरवलेला दरही नाही. या सवलतीची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. परवानाधारकाला आपल्या क्षेत्रात जे कायदेशीर स्थान असते, तेही या कंपन्यांना मिळाले नाही. उद्या शेजारून सरकारी तार आली, तर त्यांनी गुंतवलेल्या पैशाचे काय, याचे उत्तर कायद्यात नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता चंपारण. नीळ आणि गांधीजी यांच्यामुळे आपल्याला परिचित असलेल्या याच भूमीत, पश्चिम चंपारण जिल्ह्यातील तमकुहा नावाच्या गावात, १५ ऑगस्ट २००७ रोजी भाताच्या तुसावर चालणारे एक छोटे वीजकेंद्र सुरू झाले. गावाच्या नावाचा अर्थच ‘अंधाराचे धुके’ असा सांगितला जातो. या उपक्रमातून ‘हस्क पॉवर सिस्टिम्स’ ही कंपनी उभी राहिली. ज्ञानेश पांडे, रत्नेश यादव, मनोज सिन्हा आणि चार्ल्स रॅन्सलर हे तिचे संस्थापक. पांडे बनारसला शिकून अमेरिकेत गेलेले अभियंते होते. यादव बिहारमध्येच राहिलेले होते. परदेशातील पदवी आणि गावातील पत यांची ही जोडी जमली नसती, तर केंद्र उभे राहणे कठीण होते.

तंत्र जुनेच होते. भातगिरणीतून निघणारे तूस अपुऱ्या हवेत जाळले की ज्वलनशील वायू तयार होतो. तो थंड करून, गाळून इंजिनात सोडायचा आणि इंजिनाने जनित्र फिरवायचे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ झाले, तेव्हा युरोपात आणि भारतातही कोळशाच्या वायूवर मोटारगाड्या धावल्या, त्याच घराण्यातील हे यंत्र. ऐंशीच्या दशकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने लाकडावर चालणारे गॅसिफायर गावपातळीवर आजमावले. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत उसाच्या पाचटावर चालणाऱ्या गॅसिफायरचे काम झाले. तुसाची खोड अशी की त्याच्या वायूत डांबर फार असते, इंजिन वारंवार चोंदते. चंपारणमधील कामाचे खरे नावीन्य या किचकट दुरुस्तीत होते. गावातील तरुणांना उघडून साफ करता येईल, असे यंत्र त्यांनी बनवले. जळून उरलेल्या काजळीपासून उदबत्त्या वळण्याचे कामही स्त्रियांना मिळाले.

एक केंद्र साधारण तीस-पस्तीस किलोवॅटचे, आणि त्यावर सुमारे चारशे घरे. प्राथमिक जोडणी अशी : पंधरा वॅटचे दोन सीएफएल दिवे, मोबाइल चार्जिंग, संध्याकाळी सहाएक तास, महिन्याला साधारण शंभर रुपये. रॉकेलच्या खर्चाशी तुलना केली, तर हा सौदा चांगला होता. आता एक साधा हिशेब करून पाहू. तीस वॅट, सहा तास, तीस दिवस म्हणजे महिन्याला ५.४ युनिट. म्हणजे एका युनिटला सुमारे साडेअठरा रुपये. शहरातील घरगुती ग्राहक त्या काळी मोजत असलेल्या दराच्या कितीतरी पट! आणि २००६ च्या राष्ट्रीय ग्रामीण विद्युतीकरण धोरणाने प्रत्येक घराला निदान रोज एक युनिट, म्हणजे महिन्याला तीस युनिट, देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते.

याला कंपनीची नफेखोरी म्हणावे का? मला तसे वाटत नाही. लहान केंद्र, थोडी विक्री, गळती, वसुलीसाठी दारोदार फिरणारा माणूस, हे सारे महागच पडते. शहराची वीज स्वस्त होती, कारण तिच्या तारांचा आणि तोट्याचा भार दशकानुदशके सरकारी तिजोरीने उचलला होता. तिजोरीचा हात जिथे पोहोचला नाही, तिथे तोच भार ग्राहकाच्या महिन्याच्या बिलात आला. देशातील सर्वांत गरीब ग्राहकाने सर्वांत महाग युनिट विकत घेतले, ते असे.

कंपनी वाढली. २०११-१२ च्या सुमारास बिहारमध्ये तिची ऐंशीच्या आसपास केंद्रे झाली. धर्मादाय निधी, सामाजिक गुंतवणूकदार आणि केंद्र सरकारचे भांडवली अनुदान, तिन्हींचा तिला आधार होता. ‘खाजगी’ हा शब्द इथे थोडा सैल धरावा लागतो. आणि मग एक गमतीदार अडचण उभी राहिली. जे तूस गिरणीवाले टाकून देत, त्याला गिऱ्हाईक आहे असे दिसताच त्याचा भाव चढू लागला.

बिहारच्या आधी कर्नाटकात वेगळा प्रयोग सुरू झाला होता. १९९५ मध्ये हरीश हांडे आणि नेव्हिल विल्यम्स यांनी ‘सेल्को’ स्थापन केली. ही कंपनी गावाला तार न ओढता एकेका घराला सौर संच विकत होती. संचाची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून तिने आधी बँकांचे दार ठोठावले. धारवाडची मलप्रभा ग्रामीण बँक आणि सिंडिकेट बँक यांनी सौर दिव्यांसाठी कर्जे दिली. एका फेरीवाल्या स्त्रीने महिन्याला तीनशे रुपये जड जातील, रोजचे दहा चालतील, असे सांगितल्याचा प्रसंग हांडे अनेकदा सांगतात. हप्त्याचा आकार मिळकतीच्या लयीवर बेतायचा, हा त्यांच्या धंद्याचा गाभा झाला. २०११ मध्ये हांडे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण त्याआधी या कंपनीवर जे संकट आले, ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे. २००४ मध्ये जर्मनीने आपला नवीकरणीय ऊर्जा कायदा सुधारून सौर विजेला घसघशीत हमीभाव दिला. जर्मन छपरांवर पटले बसू लागली, जगभर सिलिकॉनचा तुटवडा पडला, पटलांचे भाव वाढले आणि सेल्को तोट्यात गेली. बर्लिनमधील पर्यावरणपूरक कायद्याने कर्नाटकातील शेतमजुराचा दिवा महाग केला. पुढे त्याच जर्मन मागणीमुळे कारखाने वाढले, चीन उतरला, आणि २०१० नंतर पटलांचे भाव कोसळले. तुसाचे गणित बिघडत असतानाच सूर्य स्वस्त झाला. हस्क पॉवरही तुसाकडून सौर आणि जैवभार यांच्या मिश्र केंद्रांकडे वळली.

या छोट्या विजेने आयुष्य किती बदलले? उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात ‘मेरा गाव पॉवर’ या कंपनीच्या सौर सूक्ष्मजालावर शास्त्रशुद्ध चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आले. काळ्या बाजारातील रॉकेलवरचा खर्च घटला. परंतु बचत, नवे धंदे, कामाचे किंवा अभ्यासाचे तास यांत ठळक फरक आढळला नाही. दोन दिव्यांना क्रांती म्हणणाऱ्यांनी हा निबंध वाचलेला बरा. अर्थात, रॉकेलच्या धुरातून सुटका ही ज्याची झाली, त्याला ती लहान वाटली नसेल.

२०१४ मध्ये बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावात १०० किलोवॅटचे सौर सूक्ष्मजाल सुरू झाले. ते ग्रीनपीसने उभारले होते, कंपनीने नव्हे. माजी मुख्यमंत्री नितीश कुमार गावी आले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्याकडे ‘असली बिजली’ मागितली. ही मागणी अज्ञानातून आलेली नव्हती. पंखा, पंप, दूरचित्रवाणी संच चालवता येतो आणि दर परवडतो, अशी वीज शेजारच्या गावांना मिळते, हे लोक पाहत होते. ‘नकली’ म्हणजे आपल्याला कमी लेखून दिलेली, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. लवकरच सरकारी तार आली आणि सूक्ष्मजाल ओस पडत गेले.

हीच गोष्ट मग सर्वत्र घडू लागली. सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना सुरू झाली. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग हे अखेरचे गाव जोडले गेल्याची घोषणा झाली. २००३ च्या कायद्याने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न आता कंपन्यांच्या दारात उभा होता. २०१६ च्या सुधारित वीजदर धोरणाने तार पोहोचल्यावर सूक्ष्मजालाची वीज विकत घेण्याची तरतूद केली, उत्तर प्रदेशच्या त्याच वर्षीच्या मिनी-ग्रिड धोरणाने बाहेर पडण्याचा मार्ग आखून दिला. पण हे शहाणपण दशकभर आधी हवे होते.

कंपन्या मात्र संपल्या नाहीत, त्यांचे गिऱ्हाईक बदलले. हस्क पॉवर टांझानिया आणि नायजेरियात गेली. २०१९ मध्ये टाटा पॉवरने रॉकफेलर फाउंडेशनच्या साथीने दहा हजार सूक्ष्मजालांचा संकल्प जाहीर केला आणि सुरुवात बिहार-उत्तर प्रदेशातच झाली, जिथे सरकारी तार आधीच पोहोचली होती. तिथल्या बाजारात आज अनेक दुकानदारांकडे दोन जोडण्या आढळतात. स्वस्त सरकारी वीज दिवसा येईल तेव्हा वापरायची, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक दारात असताना ती गेली, तर महाग सौर वीज. पिठाची गिरणी, शिलाई यंत्र, मोबाइल दुरुस्ती, शीतपेयांचा फ्रीज यांना महाग युनिटपेक्षा बंद पडलेला तास अधिक महाग पडतो. तीस वर्षांपूर्वी याच बाजारात याच वेळेला जनरेटरवाला आपले इंजिन सुरू करीत असे.