स्कूटरच्या बारीकसारीक कटकटींचा इतिहास

मागचे काही भाग आपण किल्ल्यांवरच घालवले, म्हणून आज जरा खाली रस्त्यावर उतरू. विषय आहे स्कूटर. त्यातही ती मोठी, रुंद सीटची, पुढे काच असलेली, लांब पल्ल्याला न्यायची स्कूटर आणि तिच्या छोट्या छोट्या कटकटी. काच फडफडते, सीट टोचते, डिकीचं झाकण खडखडतं, मागे बसलेल्या माणसाची पाठ धरते. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? तर ऐका, स्कूटर नावाची वस्तूच मुळात कटकटींच्या यादीतून जन्माला आलीय.

साल १९४६, इटली. महायुद्ध संपलंय. पियाज्जिओ ही विमानं बनवणारी कंपनी, पण कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेला आणि विमानं घ्यायला कोणी नाही. मालक एन्रिको पियाज्जिओने स्वस्त दुचाकीचं काम दिलं कोर्रादिनो द'आस्कानियो या इंजिनिअरला. हा गडी हेलिकॉप्टरवाला, १९३० मध्ये त्याचं हेलिकॉप्टर उडालं होतं. गंमत म्हणजे त्याला मोटरसायकल अजिबात आवडायची नाही. चढताना पाय टाकून बसायला लागतं, चेनच्या तेलाने कपडे खराब होतात, पंक्चर झालं की चाक काढायचा ताप. त्याने एकेक तक्रार घेतली आणि एकेक उत्तर काढलं. पुढे मोकळी जागा ठेवली, म्हणजे साडी असो वा धोतर, सरळ आत शिरून बसता येतं (धोतर त्याच्या डोक्यात नव्हतं, पण उपयोग आपल्यालाच झाला). चेन काढून टाकली आणि इंजिन थेट मागच्या चाकाला जोडलं. गिअर हँडलवर आणले. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, त्यामुळे नट सोडले की चाक हातात. २३ एप्रिल १९४६ ला पेटंटचा अर्ज गेला. नाव ठेवलं व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी.

आता मी कोडिंग करणारा माणूस, मला यात रोजचंच काम दिसतं. एक बग सोडवला की त्याच्या पोटातून दुसरा निघतो. इंजिन चाकाला जोडलं, चेन गेली, पण इंजिनाचं सगळं वजन उजवीकडे आलं. चाक लहान ठेवलं, त्यामुळे गाडी बुटकी आणि हलकी झाली, पण खड्डा आला की लहान चाक त्यात पूर्ण उतरतं. हिशोबच करा ना. दहा इंची रिमवर साडेतीन इंची टायर चढवला तर चाकाचा एकूण व्यास होतो साधारण १७ इंच. मोटरसायकलचं चाक टायर धरून २४ इंचांच्या आसपास जातं. खड्डा तोच, धक्का वेगळा.

आणि खरी गोम इंजिनात आहे. स्कूटरचं इंजिन बहुतेक वेळा मागच्या चाकासोबत वरखाली हलतं. म्हणजे शॉकअपच्या खाली नुसतं चाक नाही, इंजिनाचा गोळाही लटकलेला. एवढं वजन खड्ड्यात आपटलं की स्प्रिंगला ते लगेच आवरता येत नाही आणि उरलेला दणका तुमच्या माकडहाडाला मिळतो. वर मोटरसायकलसारखं फूटरेस्टवर उभं राहून तो दणका पायांवर घ्यायची सोय नाही, कारण पाय पुढे फळीवर. यामाहाने २००१ च्या टीमॅक्समध्ये इंजिन चौकटीलाच पक्कं बसवलं आणि मागचं चाक वेगळ्या दांड्यावर घेतलं, तेव्हा कुठे मोठी स्कूटर वळणावर मोटरसायकलसारखी वागायला लागली. पण ती ५०० सीसीची महागडी गाडी. आपल्याकडच्या बहुतेक स्कूटरींमध्ये अजून इंजिन चाकासोबतच झुलतंय.

आता आपल्या गावाकडे येऊ. बजाज ऑटोने १९६० च्या सुमारास पियाज्जिओकडून परवाना घेतला आणि पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा बनायला लागली. मुंबईत एपीआय लॅम्ब्रेटा बनवत होती, तिचं इंजिन मधोमध असायचं. १९७१ मध्ये पियाज्जिओचा करार संपला आणि १९७२ मध्ये आली चेतक, राणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाची. १४५ सीसी, टू-स्ट्रोक, चार गिअर. सत्तरच्या दशकात या गाडीसाठी दहा-दहा वर्षांचं वेटिंग असायचं. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवणार, गिऱ्हाईक रांगेत उभं.

माझ्या मते आपल्या दुचाकीच्या आरामाचा सगळा इतिहास या रांगेत दडलाय. गिऱ्हाईक दहा वर्षं थांबायला तयार असेल तर सीट मऊ करायची गरज कोणाला? त्यामुळे कंपनीने जे केलं नाही ते लोकांनी केलं. कुशनवाल्याकडून सीटवर जादा फोम, वर टॉवेलचं कव्हर. पावसाळ्यासाठी पुढे उभी काच. पिशवी अडकवायला हुक. डिकीत जादा प्लग, प्लगपाना, क्लच वायर, पॉलिश पेपर आणि एक फडकं. पेट्रोल भरताना लीटरमागे २० मिली ऑइल. मागे स्टेपनी, आणि तिची रिम दोन भागांची, नट सोडले की ट्यूब बाहेर. (स्टेपनी हा शब्द इंग्रजीत आता फारसा कोणी वापरत नाही. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे, तिथे शंभरेक वर्षांपूर्वी जादा चाकं बनायची. तो रस्ता अजून आपल्या तोंडात बसलाय.) आणि अर्थात स्टार्ट होत नसली की स्कूटर एका बाजूला आडवी करणे. तुमच्या बाबांनी किंवा काकांनी ते केलंय, विचारून बघा. त्या काळात स्कूटर चालवणारा प्रत्येक माणूस अर्धा मेकॅनिक होता, आणि तो हौसेने झालेला नव्हता.

पण यातल्या बहुतेक दुरुस्त्या चालवणाऱ्याच्या होत्या. मागे बसणारी बाई एका बाजूला पाय सोडून, एका हाताने स्टेपनी धरून, मांडीवर मूल घेऊन. तिचा विचार कोणी केला? एका बाबतीत व्हेस्पाने नकळत केला होता. मागचं चाक पत्र्याच्या अंगाखाली झाकलेलं, त्यामुळे साडीचा पदर अडकत नसे. मोटरसायकलवर ती भीती कायम होती, म्हणून तर साडीगार्ड आलं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १२३ आहे, तो मुद्दाम वाचा. मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला काहीतरी, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारं संरक्षण, हे सगळं त्यात लिहिलंय. आज नवी बाईक घेतल्यावर पोरं सगळ्यात आधी साडीगार्डच काढून टाकतात. 'लुक जातो' म्हणे.

पुढचा मोठा बदल १९८४ चा, कायनेटिक होंडा. बटण दाबलं की चालू, गिअर नाहीत, आडवी करायची भानगड नाही. पुण्याच्या फिरोदियांची कंपनी आणि जपानी होंडा यांची भागीदारी. चेतकवाल्यांनी हिला आधी हसून घेतलं. पण किक आणि गिअरची मक्तेदारी संपली आणि बायका मागून पुढच्या सीटवर आल्या. दुचाकीच्या आरामातली ही मला सगळ्यात मोठी सुधारणा वाटते, फोमपेक्षा कितीतरी मोठी. पुढे २००१ मध्ये ॲक्टिवा आली, आणि २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं.

मोठी स्कूटर आपल्याकडे पहिल्यांदा आणली तीही कायनेटिकनेच. २००६ ची ब्लेझ, १६५ सीसी, इटालजेटचं डिझाइन. गाडी काळाच्या फार आधी आली. दोन वर्षांत कंपनीचा दुचाकी धंदा महिंद्राकडे गेला आणि ब्लेझ विसरली गेली. मग २०१८ मध्ये सुझुकीची बर्गमन स्ट्रीट आणि २०२० च्या शेवटी बारामतीत बनणारी एप्रिलिया एसएक्सआर १६०. बर्गमनचं पुढचं चाक १२ इंची आणि मागचं १० इंची होतं. एवढ्या भारदस्त अंगाखाली ते मागचं चाक खेळण्यातलं वाटायचं, आणि लोक बोललेच. डिसेंबर २०२२ मध्ये ईएक्स आली ती मागे १२ इंची चाक घेऊन. चेतकच्या काळाशी हे ताडून बघा. आता रांग दुकानदाराची आहे, त्यामुळे चार वर्षांत चाक मोठं झालं.

आता माझं थोडं. माझ्याकडेही अशी एक मोठी स्कूटर आहे, कंपनी कुठली ते राहू द्या. आईचं माहेर वाडा. आजी थकलीय आणि आईला महिन्यातून एकदा तरी तिला बघून यायचं असतं. आगाशीहून वाड्याला रेल्वे नाही. एसटीच्या दोन गाड्या बदलायच्या तर दिवस तिकडेच जातो. स्कूटरने शिरसाड, वज्रेश्वरी, अंबाडी, कुडूस करत सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पण प्रत्येक फेरीनंतर आई दोन दिवस झोपून. 'तू जा, मी पुढच्या वेळी येईन,' हे तिने दोनदा म्हटल्यावर मी पान्याला हात घातला.

सीट रुंद आहे ही जाहिरातीतली जमेची बाजू, पण गुडघे दुखणाऱ्या बाईला तीच भिंत होते. विरारच्या कुशनवाल्याने मागच्या भागाच्या कडा तासल्या आणि मऊ फोम काढून घट्ट घातला. मऊ फोम दुकानात छान वाटतो, वीस किलोमीटरवर तो दाबून सपाट होतो आणि आपण थेट फायबरवर बसतो. टायरची हवा स्टिकरवर दोघांसाठी लिहिलेली असते तेवढीच भरतो. पंपावर सगळ्यांना एकच आकडा भरायची सवय असते, त्याला आपण आकडा सांगायचा. मागचं शॉकअप सेटिंग पान्याने एक घर घट्ट केलं, म्हणजे दोघं बसल्यावर ते खड्ड्यात तळाला टेकत नाही. काचेची वरची कड नाकाच्या रेषेत येत होती आणि वाऱ्याचा भोवरा बरोबर हेल्मेटवर फुटायचा, म्हणून थोडी बुटकी काच लावली. आता वारा छातीवर येतो पण डोकं थरथरत नाही. डिकीच्या झाकणाला दरवाजाला लावतात ती रबरी पट्टी चिकटवली, दहा मिनिटांचं काम. चौकटीला मात्र ड्रिल लावायचा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की कंपनीने दिलेल्या रचनेत असे फेरफार चालणार नाहीत.

आई आता दोन्ही बाजूंना पाय टाकून बसते, पंजाबी ड्रेस घालून. तो निर्णय तिचा, पन्नाशीनंतर घेतलेला, आणि त्याने जितका फरक पडला तितका माझ्या सगळ्या पान्यांनी मिळून पडला नाही. मधे अंबाडीला चहा, पाय मोकळे, मग पुढे. आजीसाठी इथून सुकेळी जातात, आगाशीहून दुसरं काय नेणार.

एक कटकट राहिलीच. ही जड स्कूटर उतारावर लावली की मागे ओढताना जीव जातो. २०२० च्या जानेवारीत चेतक परत आली, इलेक्ट्रिक होऊन, आणि तिला रिव्हर्स आहे. आमच्या गल्लीत एक आलीय. तिचे मालक काका निवृत्त आहेत. सकाळी बटण दाबून ती अंगणातून मागे घेतात आणि मी माझी ढकलत असेन तर मुद्दाम दोनदा घेतात.