नाताळच्या शुभेच्छा : एका रिवाजाचा इतिहास

माणूस माणसाला भेटला की सलाम, नमस्कार, रामराम करतो आणि सण आला की मुबारकबाद देतो. या शब्दांना दाम पडत नाही, म्हणून त्यांच्याकडे इतिहास म्हणून कुणी पाहत नाही. राजे, लढाया, तह आणि सनावळ्या म्हणजेच इतिहास, असे आम्ही शाळेत शिकलो आणि पुढे शिक्षक होऊन तेच वर्गात शिकवू लागलो. परंतु साध्या शुभेच्छेलाही इतिहास असतो. ज्या सणाची ती शुभेच्छा, त्या सणावर कधी काळी बंदी आली आहे, तो पाळणाऱ्यांना दंड बसला आहे. आणि ही शुभेच्छा दोन सैन्यांमधल्या चिखलातूनही चालत गेली आहे.

डिसेंबर जवळ आला की अलीकडे एक प्रश्न हमखास ऐकू येतो. लोक आता रोजच्या व्यवहारात एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा देतात का, की त्या दुकानांच्या पाट्यांपुरत्याच उरल्या आहेत? आमच्या उर्दू शाळेच्या वर्गात हाच प्रश्न निराळ्या तऱ्हेने येतो. ‘सर, बडे दिन की मुबारकबाद दे सकते क्या?’ पहिल्या प्रश्नात रिवाज टिकेल की नाही याची काळजी आहे, दुसऱ्यात तो आपला आहे की नाही याची. दोन्ही प्रश्नांचे उत्तर शोधताना या रिवाजाचा प्रवास पाहणे उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

आधी शब्दच पाहू. मराठीतला ‘नाताळ’ हा पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. त्याचा अर्थ जन्मदिवस. १४९७ साली वास्को द गामा आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून नाताळच्या सुमारास गेला, त्या किनाऱ्यालाही त्याने हेच नाव दिले. दक्षिण आफ्रिकेतला पूर्वीचा नाताळ प्रांत तो हाच. उर्दू-हिंदीत मात्र ‘बडा दिन’ हा शब्द रूढ झाला. म्हणजे एकाच गावातल्या दोन शेजाऱ्यांकडे या सणासाठी दोन वेगळे शब्द असतात, आणि दोन्ही शब्द इथल्या मातीत रुळलेले आहेत.

इंग्रजीतील ‘मेरी ख्रिसमस’ या शुभेच्छेच्या जुन्या लेखी नोंदींपैकी एक १५३४ सालची आहे, आणि ती तुरुंगातून लिहिलेली आहे. बिशप जॉन फिशर यांनी राजा आठव्या हेन्रीचे धर्मावरील वर्चस्व मान्य केले नाही, म्हणून त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये कोंडले होते. तिथून त्यांनी राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला पत्र लिहिले. अंगावर धड कपडे नाहीत, आजारी वृद्धाला झेपेल असे अन्न नाही, अशी गाऱ्हाणी त्यात आहेत; आणि त्याच पत्रात त्याला आनंदी नाताळ लाभो अशी दुआही आहे. पुढच्या वर्षी, जून १५३५ मध्ये, फिशर यांचा शिरच्छेद झाला. ज्याच्या हाती आपला जीव आहे, त्यालाही सणाची शुभेच्छा द्यावी, हा त्या काळाचा शिष्टाचार होता.

शंभर वर्षांनी त्याच इंग्लंडमध्ये वारे फिरले. प्युरिटन पंथाच्या लोकांना नाताळ हा धर्मग्रंथात आधार नसलेला, खाण्यापिण्याचा आणि धिंगाण्याचा दिवस वाटे. १६४७ साली त्यांच्या संसदेने हा सणच रद्द केला. त्या वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरी शहरात दुकाने उघडी ठेवण्याचा हुकूम निघाला तेव्हा लोकांनी दंगल केली. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ साली कायदा झाला : नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड. हा कायदा १६८१ साली मागे घेतला गेला. इंग्लंडमध्ये १६६० साली राजेशाही परतली आणि तिच्यामागून सणही परतला. स्कॉटलंडमध्ये मात्र नाताळची सार्वजनिक सुटी मिळायला १९५८ साल उजाडावे लागले. ध्यानात घ्यावे की ही बंदी कुण्या परधर्मीयांनी घातली नव्हती. ख्रिस्ती लोकांनीच ख्रिस्ती लोकांवर घातली होती. तरी घराघरांतून सण आणि शुभेच्छा टिकून राहिल्या.

शुभेच्छा कागदावर आली ती टपालामुळे. १८४० साली ब्रिटनमध्ये रोलंड हिल यांच्या योजनेने एक पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागले. या कामात त्यांना हातभार लावणारे हेन्री कोल यांच्याकडे दर नाताळाला इतकी पत्रे येऊ लागली की प्रत्येकाला हाताने उत्तर लिहिणे जमेना. आणि उत्तर न देणे हा तर उद्धटपणा. १८४३ साली त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले आणि सुमारे एक हजार कार्डे छापली. मध्यभागी मेजवानीला बसलेले कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारी माणसे, आणि खाली नाताळ व नववर्षाच्या शुभेच्छा. हेच जगातले पहिले व्यापारी नाताळ कार्ड मानतात. चित्रात लहान मूल मद्याचा प्याला ओठांना लावते आहे म्हणून दारूबंदीवाल्यांनी टीका केली. किंमत होती एक शिलिंग, म्हणजे बारा पत्रांच्या टपालखर्चाइतकी. गरिबाला ती परवडणारी नव्हती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चार्ल्स डिकन्स यांचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ प्रसिद्ध झाले. पुढे छपाई आणि टपाल स्वस्त झाले, आणि कार्ड घरोघरी पोहोचले. आम्हांला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की कार्डाचा जन्म शुभेच्छा पाठवण्याच्या हौसेतून झाला नाही. आलेल्या शुभेच्छेला उत्तर दिले पाहिजे, या जाणिवेतून झाला.

आपल्या देशात हा रिवाज साहेबाबरोबर आला आणि दोन रूपांत आला. एक रूप ‘डाली’चे. बड्या दिवसाला हाताखालची माणसे, कंत्राटदार आणि जमीनदार साहेबाच्या बंगल्यावर फळे, सुकामेवा, मिठाई यांची टोपली घेऊन जात. तिला डाली म्हणत. इंग्रजांनी या शब्दाला आपल्या कोशातही जागा दिली. ही शुभेच्छा खरी, पण ती खालून वर जाणारी. तिच्यात आर्जव आणि भीती दोन्ही असत. सत्ता गेली आणि डालीही गेली.

दुसरे रूप टपालाचे. १८५४ साली हिंदुस्थानभर एकसारखे टपालदर आणि तिकिटे आली, १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात छापलेल्या चित्रकार्डांवर उर्दूत ‘ईद मुबारक’ छापून ती आपल्या शहरांतून विकली जाऊ लागली. चित्रातली फुले विलायती, मजकूर उर्दू. पुढे लाहोर, दिल्ली, मुंबईत खास ईद कार्डे निघाली, त्यांवर शेर आले, मशिदी आणि चंद्रकोर आली. आमच्या पिढीने लहानपणी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानासमोर दोरीला टांगलेली जी ईद कार्डे पाहिली, त्यांचे मूळ नाताळच्या कार्डात आहे. म्हणून आमची ईद विलायती झाली नाही. चांगला रिवाज घर बदलतो आणि नव्या घराची भाषा शिकतो.

सत्तेचा दबाव नसताना ही शुभेच्छा काय करू शकते, याचा दाखला १९१४ सालच्या डिसेंबरात मिळाला. पहिल्या महायुद्धात बेल्जियम आणि फ्रान्सच्या सीमेवर ब्रिटिश आणि जर्मन सैनिक समोरासमोर खंदकांत होते. नाताळच्या रात्री काही ठिकाणी गाणी ऐकू आली, मग हाका, मग शुभेच्छा. दुसऱ्या दिवशी माणसे बाहेर आली, त्यांनी तंबाखू आणि गणवेशाची बटणे दिली-घेतली, आपापले मृत दफन केले. हे सगळीकडे झाले नाही, आणि वरिष्ठांना ते रुचलेही नाही, पण झाले. त्या आघाडीवर हिंदी फौजही होती. गढवाल रायफल्सचे जवान त्या दिवशी जर्मन शिपायांना भेटल्याची नोंद आहे. ना त्यांचा तो सण, ना त्यांचे ते युद्ध. तरी शुभेच्छा घेण्याला आणि देण्याला त्यांची हरकत नव्हती.

आणखी एक हकिकत उर्दू वाचकांना विशेष आवडेल. ब्रिटनच्या टपाल खात्याने नाताळची पहिली तिकिटे १९६६ साली काढली. चित्रे मुलांच्या स्पर्धेतून निवडली. त्यातील एका तिकिटावर पूर्वेकडून आलेला राजा आहे. तो काढला होता तस्वीर शेम्झा या सहा वर्षांच्या मुलीने. तिचे वडील अन्वर जलाल शेम्झा हे सिमल्यात जन्मलेले, लाहोरात नावारूपाला आलेले चित्रकार आणि उर्दू कादंबरीकार, आई इंग्रज. इंग्लंडमधल्या लाखो घरांत त्या वर्षी नाताळच्या शुभेच्छा पोहोचल्या त्या उर्दू अदीबाच्या लेकीने काढलेल्या चित्रासह. पुढे १ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या टपाल खात्याने ईदचे तिकीट काढले. मोहम्मद झकारिया यांच्या सुलेखनात त्यावर ईदची मुबारकबाद आहे.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने संगणकावरून मोबाइल फोनवर जगातला पहिला एसएमएस पाठवला. त्यात दोनच शब्द होते : ‘मेरी ख्रिसमस’. मात्र ज्या फोनवर तो पोहोचला, त्यावरून उत्तर पाठवण्याची सोयच नव्हती. पुढच्या काळात काय होणार, त्याची ती जणू खूण होती. शुभेच्छा पाठवणे सोपे होत गेले आणि उत्तराची गरज कमी होत गेली. एका बोटाने दोनशे जणांना एकच चित्र जाते. दोनशे जण ते पुढे ढकलतात. दुसरीकडे कागद मागे पडला. ब्रिटनमध्ये प्रथम श्रेणीच्या तिकिटाची किंमत एप्रिल २०२५ मध्ये १ पौंड ७० पेन्स झाली. डेन्मार्कमध्ये १९०४ साली एका टपाल कारकुनाने क्षयरोग्यांच्या मदतीसाठी नाताळचे चिकटतिकीट सुरू केले होते. त्याच देशात पोस्टनॉर्ड या सरकारी मालकीच्या टपाल कंपनीने चारशे वर्षांची पत्रवाटपाची सेवा २०२५ च्या अखेरीस थांबवली.

मग तोंडी शुभेच्छेचे काय? अमेरिकेत गेली वीसएक वर्षे वाद चालला आहे की दुकानदाराने ‘मेरी ख्रिसमस’ म्हणावे की ‘हॅपी हॉलिडेज’. २०१७ साली प्यू संशोधन संस्थेने लोकांना विचारले, तेव्हा ५२ टक्के लोक म्हणाले की काहीही म्हटले तरी आम्हांला फरक पडत नाही. ३२ टक्क्यांनी ‘मेरी ख्रिसमस’ पसंत केले. गंमत अशी की ‘हॉलिडे’ या शब्दाचा मूळ अर्थही पवित्र दिवस असाच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी, भरले. तरीही तिथे डिसेंबरात बसचालक, दुकानदार, शेजारी हे दोन शब्द म्हणतातच. धर्म न पाळणाराही म्हणतो. थोडक्यात, शुभेच्छा संपलेली नाही. तिचा कागद हरवला आहे आणि तिला काही लोकांनी परीक्षेचा प्रश्न बनवले आहे : कोण कोणत्या बाजूचा, हे तिच्यावरून ओळखायचे.

तीच परीक्षा आमच्याकडेही घेतली जाते. ही मुबारकबाद द्यावी की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते आम्ही लपवीत नाही. अकीद्याचा प्रश्न ज्याचा त्याने आपल्या इल्मवाल्यांना विचारावा. इतिहासाचा शिक्षक एवढेच सांगू शकतो की १९६७ पासून व्हॅटिकन दरवर्षी रमजानच्या अखेरीस जगभरच्या मुस्लिमांना शुभेच्छा पाठवते; आणि २००७ साली ख्रिस्ती धर्मगुरूंना संवादाचे खुले पत्र लिहिणाऱ्या १३८ मुस्लिम विद्वानांनी त्याच वर्षी डिसेंबरात ख्रिस्ती जगाला नाताळच्या शुभेच्छा दिल्या. हजरत ईसा आणि बीबी मरियम यांचा आदर आपल्या घरात आहेच. कुरआनात मरियमच्या नावाची सूरा आहे. शुभेच्छा दिल्याने ना त्यांचा विश्वास आपला होतो, ना आपला त्यांचा.

म्हणून मुलांना आम्ही सांगतो की बंदीने हा रिवाज मेला नाही. डालीतल्या शुभेच्छा मात्र साहेबाबरोबर गेल्या. जिथे एकाने म्हटले आणि दुसऱ्याने उत्तर दिले, तिथे तो जगला. आपल्या वसईत, गोव्यात, मुंबईच्या जुन्या गावठाणांत नाताळाला ख्रिस्ती घरांतून कुलकुल, नेवऱ्या, दोदोल यांचे ताट शेजाऱ्यांकडे जाते. मग ते शेजारी हिंदू असोत की मुस्लिम. शेजारचे ताट रिकामे परत करू नये, हे आपल्याकडे कोणत्याही धर्माच्या आईला शिकवावे लागत नाही. ईदच्या दिवशी त्याच ताटातून शीरखुर्मा जातो. ही देवाणघेवाण चालू आहे तोवर नाताळच्या शुभेच्छा रोजच्या जगण्यात आहेत की नाहीत, याचे उत्तर आपल्या गल्लीतच मिळेल.