एका क्रियारूपाची कुळकथा

लॅटिनच्या पोटी जन्मलेल्या भाषांतील क्रियापदांच्या कोष्टकांना विद्यार्थी वचकून असतात. स्पॅनिशचा संकेतार्थ मात्र त्या मानाने गरीब स्वभावाचा. ‘कान्तार’ म्हणजे गाणे. हे रूप जसेच्या तसे घ्यावयाचे आणि पुढे प्रत्यय जोडावयाचे : कान्तारीआ, कान्तारीआस, कान्तारीआ, कान्तारीआमोस, कान्तारीआइस, कान्तारीआन. वेळ असता तर मी गायलो असतो, तू गायला असतास, तो गायला असता, अशी ही माळ. ‘कोमेर’ (खाणे) आणि ‘बिबिर’ (जगणे) या निराळ्या गणांतील धातूंनाही हेच प्रत्यय लागतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. वर्तमानात किंवा भूतकाळात मूळ रूपाचे ‘आर’, ‘एर’, ‘इर’ हे शेपूट तोडून मग प्रत्यय लावतात. या ठिकाणी ते शाबूत का राहिले? याचे उत्तर व्याकरणात सापडत नाही. ते इतिहासात आहे. हा प्रत्यय एके काळी प्रत्यय नव्हताच. तो स्वतंत्र शब्द होता.

अभिजात लॅटिनमध्ये या अर्थाचे खास रूप नव्हते. उत्तरकाळात लोकांच्या बोलण्यात ‘कान्तारे हाबेबाम’ अशी जोडी रूढ झाली. आपण ‘मला गायचे होते’ म्हणतो, तशीच ती. गाणे पुढे आहे आणि बोलणारा मागच्या काळात उभा आहे. ‘हाबेबाम’ झिजत झिजत स्पॅनिशमध्ये ‘आबीआ’ झाले, आणि त्याची शेवटची ‘ईआ’ तेवढी ‘कान्तार’ला चिकटली.

हा जोड पुष्कळ दिवस कच्चा होता. जुन्या कॅस्टिलियनमध्ये सर्वनाम खुशाल त्या फटीत शिरे : ‘कान्तार लो ईआ’. पुढे स्पॅनिशमध्ये ती फट बुजली. पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात ती अजून उघडी आहे. १९६१ पूर्वीच्या गोव्यात ज्यांनी पोर्तुगीज व्याकरण गिरवले, त्यांना क्रियापदाच्या पोटात सर्वनाम घालण्याची ही तऱ्हा परिचयाची असेल.

१४९२ साली आन्तोनियो दे नेब्रिहाने कॅस्टिलियनचे व्याकरण छापून राणी इसाबेलला अर्पण केले. ‘आमारीआ’ हे वळसा घेऊन तयार झालेले रूप असून त्याचा अर्थ ‘मला प्रेम करावयाचे होते’ असाच आहे, हे त्याने त्यात नमूद केले. कुळ त्याने अचूक ओळखले. परंतु लॅटिनच्या चौकटीपायी त्या रूपाला बसविले संशयार्थाच्या पंक्तीत. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीनेही तीच पंगत चालू ठेवली.

या प्रघाताला हरकत घेणारा मनुष्य स्पेनचा नव्हता. आन्द्रेस बेल्यो कराकासचा. १८१० साली तो बोलिव्हारबरोबर लंडनला वकिलातीवर गेला, जवळजवळ एकोणीस वर्षे तेथेच राहिला, आणि अखेर चिलीत स्थायिक झाला. नव्या प्रजासत्ताकांत बोली फुटत जाऊन लॅटिनची झाली तशी स्पॅनिशची शकले होतील, ही त्याची धास्ती. म्हणून १८४७ साली त्याने अमेरिकावासीयांसाठी व्याकरण लिहिले. त्यात त्याने या रूपाला ‘पोस्प्रेतेरितो’, म्हणजे भूतानंतरचा काळ, असे नाव दिले. ‘तो म्हणाला, मी गाईन’ असे आपण बोलणाऱ्याचे शब्द तसेच ठेवून म्हणतो. स्पॅनिश मनुष्य ‘दिखो के कान्तारीआ’ म्हणतो. यात संशय नाही, अटही नाही. काल दिलेल्या शब्दाचा तो भविष्यकाळ आहे. ‘जर-तर’चा अर्थ हा त्याचाच लाक्षणिक विस्तार, असे बेल्योचे म्हणणे.

अकादमी हळूहळू हलली. १९१७ साली तिने या रूपाला ‘शक्यार्थ’ म्हणून वेगळी चूल मांडून दिली. १९७३ च्या आराखड्यात ते स्वार्थाच्या, म्हणजे साध्या विधानाच्या, घरात आले. २००९ च्या व्याकरणातही ते तेथेच नांदते. नाव मात्र ‘कोन्दिसिओनाल’, म्हणजे अटीचे, असेच राहिले.