वणव्यात बियांना काय मिळते?

दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाला, केप टाउनच्या आसपास, ‘फाइनबॉस’ नावाचे झुडपी रान आहे. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. त्यामुळे साधारण १० ते ३० वर्षांनी तिथे वणवा पेटतो.

या रानात रेस्टिओ कुळातल्या वनस्पती भरपूर. दिसायला बोरूसारख्या. पाने म्हणजे खोडावरची छोटी तपकिरी आवरणे. अन्न तयार करते ते हिरवे खोडच. बहुतेक जातींत नर-मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात आणि पराग वारा वाहून नेतो. ‘रेस्टिओ’ हे नाव दोर या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. यांपैकी एका जातीने आजही घरे शाकारतात.

इतकी उपयोगी वनस्पती, पण बागेत बी पेरले तर बहुतेक जाती रुजत नसत. रानात मात्र वणव्यानंतर रोपे उगवत. म्हणजे बी जिवंत होते. मग वणवा त्याला काय देत होता?

आपण चटकन म्हणू, उष्णता. काही शेंगावर्गीय वनस्पतींच्या कठीण कवचाच्या बिया उष्णतेने रुजतात, हे खरेच आहे. पण वणवा म्हणजे नुसती उष्णता नव्हे. त्यात राख असते, सावली गेल्यामुळे जमिनीवर पडणारे ऊन असते आणि धूरही असतो.

या धुराकडे डी लँग आणि बाउचर यांनी लक्ष दिले. ऑडोइनिया कॅपिटाटा या दुर्मिळ झुडपाचे बी धुराने रुजते, हे त्यांनी १९९० मध्ये दाखवले. त्यानंतर केप टाउनच्या कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानात ब्राउन आणि सहकाऱ्यांनी रेस्टिओच्या अनेक जातींचे बी तपासले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की बहुतेक जातींत धुराने उगवण वाढते. धूर विरघळवलेल्या पाण्यात बी भिजवले तरी चालते. म्हणजे हे काम उष्णतेचे नाही, धुरातल्या एखाद्या पदार्थाचे आहे.

तो पदार्थ ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी २००४ मध्ये स्वतंत्रपणे ओळखला. सेल्युलोज जळतानाही तो तयार होतो. या गटातल्या रसायनांना पुढे ‘कॅरिकिन’ म्हणू लागले. ‘कॅरिक’ हा नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या नूंगार आदिवासींचा धुरासाठीचा शब्द.

गंमत पुढेच आहे. वणव्याशी काही संबंध नसलेल्या लेट्यूसच्या काही वाणांचे बीही धुराने रुजते. असे का व्हावे? हा प्रश्न आपण वर्गात जरूर मांडावा. मात्र उत्तर देण्याची घाई नको. आधी मुलांना वणव्यातल्या सगळ्या गोष्टींची यादी करू द्यावी.